दंड कशासाठी : शिस्तीसाठी की तिजोरीसाठी?



वेग टिपणारे स्वयंचलित कॅमेरे म्हणजे सरकारी कमाईचे साधन, असा आक्षेप जगभर घेतला जातो. आक्षेपकांत भरधाव मोटारवालेच अधिक असले, तरी त्यामागील आर्थिक प्रश्न खरा आहे. कर दरवर्षी मिळावा अशी अपेक्षा असते. दंड मात्र सफल झाला की आटतो. दंडाचे उत्पन्न वाढावे असे ज्या शासनाला वाटते, त्याला गुन्हाही टिकावा असे नकळत वाटू लागते.

ब्रिटनचा अनुभव बोलका आहे. तेथे १९९२ मध्ये हे कॅमेरे आले. २००० साली काही भागांत दंडाच्या रकमेतूनच स्थानिक यंत्रणांनी कॅमेऱ्यांचा खर्च भागविण्याची योजना सुरू झाली. कॅमेरे वाढले, तसा लोकांचा संशयही वाढला. कॅमेऱ्यांच्या जागी मृत व गंभीर जखमींची संख्या ४२ टक्क्यांनी घटल्याचे २००५ च्या मूल्यमापनात दिसले. त्यातील काही घट एरवीही झाली असती, हे टीकाकारांचे म्हणणेही रास्त होते. २००७ मध्ये ती सांगड तोडली गेली आणि तक्रार उलटली : खर्च आमचा, दंड मात्र केंद्राचा! २००८ मध्ये स्विंडनच्या नगरपरिषदेने कॅमेऱ्यांचा निधी थांबविण्याचे ठरविले. पैशाच्या वादात माणसाचा जीव दोन्ही वेळा मागे पडला.

भारतात २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली. त्यांत पायी चालणारे आणि दुचाकीवरचे कष्टकरी थोडे नव्हते. म्हणून ‘कॅमेरे हटवा’ ही घोषणा समाजवाद्यांची असू शकत नाही. २०१९ च्या कायदा-दुरुस्तीने अशा देखरेखीची तरतूद केली ती योग्यच; पण हलक्या मोटारीच्या अतिवेगाला तिने ठरविलेला एक ते दोन हजारांचा दंड टॅक्सीचालकाची दिवसाची कमाई गिळतो आणि उद्योगपतीच्या खिजगणतीतही नसतो. फिनलंडमध्ये गंभीर अतिवेगाचा दंड उत्पन्नाच्या प्रमाणात आकारतात. समान शिक्षेचा खरा अर्थ तोच होय.

तेव्हा कार्यकर्त्यांनी चार मागण्या लावून धराव्यात. कॅमेऱ्याची जागा अपघातांच्या नोंदीवरून ठरावी. दंड ऐपतीनुसार असावा. वसुलीचा हिशेब जाहीर व्हावा. आणि ती रक्कम पदपथ व अपघातग्रस्तांसाठीच खर्च व्हावी. दंडाची जमा वर्षागणिक घटत जाणे, हेच अशा व्यवस्थेच्या यशाचे गमक मानले पाहिजे.