बर्फावरील चढाई आणि कपड्यांचे थर

नागपूरच्या धरमपेठेतील जे तरुण उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंग येथील गिर्यारोहण संस्थांत शिकण्यास जातात, त्यांच्या खरेदीच्या यादीत बहुधा सर्वांत वर एक जाड जॅकेट असते आणि हा क्रम चुकीचा आहे. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. परंतु ती पहाटे दुचाकीवरून जाणाऱ्या माणसाची थंडी होती आणि तिला जाड स्वेटर व कानटोपी पुरेशी होती. बर्फाच्या उभ्या भिंतीवर चढणाऱ्याची अडचण निराळी असते, कारण चढताना त्याचे शरीर इतकी उष्णता निर्माण करते की त्याला घाम फुटतो, आणि नंतर जोडीदाराचा दोर सांभाळत, म्हणजे ‘बिले’ देत, त्याला दीर्घकाळ जवळजवळ निश्चल उभे राहावे लागते.

घात होतो तो या दुसऱ्या वेळी. मे महिन्यात कूलरच्या ओल्या ताट्यांतून येणारी कोरडी हवा ज्या नियमाने गार होते, त्याच नियमाने घामाने भिजलेली सुती बनियन अंगातील उष्णता ओढून घेते. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते, शिवाय पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. नागपूरच्या उन्हाळ्यात सुखावणारे सुती कापड म्हणूनच बर्फावर निषिद्ध मानावे.

अंगालगतचा थर मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा, पातळ आणि अंगाबरोबर बसणारा असावा. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा शोषूनही ओली भासत नाही. त्यावर फ्लीस, म्हणजे कृत्रिम धाग्यांचे लवदार कापड, घालावे, कारण ऊब धाग्यांपेक्षाही त्यांच्यात अडकलेल्या स्थिर हवेमुळे मिळते. सर्वांत बाहेर वारा व हिम अडवणारे कवच असते. बॉब गोअर यांनी १९६९ मध्ये शोधलेल्या सच्छिद्र पटलापासून पुढे गोअर-टेक्स हे कापड तयार झाले, जे पाणी अडवते आणि वाफ बाहेर जाऊ देते. तथापि कष्टाच्या चढाईत घाम या छिद्रांच्या आवाक्याबाहेर जातो, म्हणून काखेतील चेन उघडणे आणि निघताना किंचित थंडी वाजेल इतकेच कपडे अंगावर ठेवणे, हे दोन उपाय महागड्या कापडाहून अधिक कामाचे ठरतात.

जाड जॅकेटचे स्थान यानंतर येते. ते चढताना पिशवीत राहावे आणि थांबताक्षणी, अंग गार होण्याआधी, सर्व थरांवरून चढवावे. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच यांनी फुग्याच्या कापडात पिसे भरून शिवलेला कोट वापरला, तेव्हा सहकाऱ्यांना तो प्रथम हास्यास्पद वाटला, पण उंचावर त्याची उपयुक्तता पटली. पिसांचा दोष असा की, भिजली की ती चिकटून बसतात आणि त्यांच्यातील हवा नाहीशी होते. यास्तव पाणी ठिबकणाऱ्या गोठलेल्या धबधब्यांवर कृत्रिम भरणाचे जॅकेट आणि अतिउंचावरील कोरड्या थंडीत पिसांचे, अशी निवड योग्य होय.

उष्ण प्रदेशात वाढणे हा या विद्येतील अडथळा नव्हे. मे २०१८ मध्ये ‘मिशन शौर्य’ या शासकीय उपक्रमातून एव्हरेस्टचे शिखर गाठणारे पाच विद्यार्थी चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे होते, आणि त्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा अनेकदा ४५ अंशांपलीकडे जातो. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, हे ध्यानात घेतले तर या मुलांनी ओलांडलेल्या अंतराची कल्पना येते. 

अंगावरील थरांचा विचार करताना हातांकडे मात्र सर्वाधिक दुर्लक्ष होते. दोर व कुऱ्हाड हाताळताना हातमोजे भिजतातच आणि ओल्या बोटांना हिमदंश, म्हणजे गोठून पेशी मरणे, लवकर होतो. म्हणून चढण्यासाठी पातळ, थांबण्यासाठी जाड आणि एक कोरडा राखीव, असे तीन जोड बाळगावेत. शिकण्यास निघणाऱ्यांनी संस्था कोणते साहित्य पुरवते याची आधी चौकशी करावी, जाड जॅकेट शक्यतो उसने किंवा भाड्याने घ्यावे, आणि वाचलेला पैसा हातमोजे, लोकरी पायमोजे व अंगालगतच्या थरावर खर्च करावा.