नवोदयची परीक्षा आणि उताऱ्याचे वाचन



वाशिम जिल्ह्यातील एखाद्या खेड्याच्या शाळेत पाचवीच्या वर्गावर क्षणभर उभे राहावे. गुरुजी धडा वाचावयास सांगतात. एक मुलगा उठतो आणि खणखणीत आवाजात, कोठेही न अडखळता, पानभर मजकूर वाचून दाखवितो. गुरुजी संतुष्ट होतात. परंतु पुस्तक मिटवून ‘बाळ, काय वाचलेस?’ असे विचारताच तो आढ्याकडे पाहू लागतो. आपल्या शाळांतून वाचनाची परीक्षा फार काळ कानानेच घेतली गेली, आणि तो दोष काही मुलांचा नव्हे.

असाच मुलगा पुढे जवाहर नवोदय विद्यालयाच्या निवड परीक्षेस बसतो. १९८५-८६ साली देशात जी पहिली दोन नवोदय विद्यालये निघाली, त्यांपैकी एक शेजारच्या अमरावतीचे होते. आज वाशिमासही असे विद्यालय आहे. निवास, भोजन व पुस्तके विनामूल्य. सहावीच्या जागा फार तर ८०. आणि सहावीची ही परीक्षा मुलास एकदाच देता येते. कोरडवाहू शेतीवर गुजराण करणाऱ्या घरास हा प्रसंग केवढा वाटत असेल, ते निराळे सांगावयास नको.

प्रश्नपत्रिका २ तासांची, ८० प्रश्नांची. त्यांत भाषेचे २० प्रश्न असून त्यांस ३० मिनिटे धरलेली असतात. चार उतारे, प्रत्येकाखाली पाच प्रश्न. अर्थात एका उताऱ्याच्या वाट्यास साडेसात मिनिटे. दीडशे शब्दांचा उतारा मिनिटास साठ शब्द या गतीने पुटपुटत वाचला, तर अडीच मिनिटे जातात. इतके चालेल. परंतु प्रत्येक प्रश्नासाठी तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागला, तर तिसऱ्या प्रश्नापूर्वीच वेळ सरते.

मग वेग वाढवावा कसा? ‘डोळे भरभर फिरव’ हा उपदेश व्यर्थ आहे. डोळा ओळीवरून पाण्यासारखा वाहत नाही. तो उड्या घेतो, मध्ये सुमारे पाव सेकंद थांबतो आणि अर्थ न लागल्यास मागे फिरतो. अधिक वेळ जातो तो या मागे फिरण्यात. वऱ्हाडी मुलास ‘गंज’ म्हणजे पुष्कळ हे उपजत ठाऊक असते. पण उताऱ्यात ‘विपुल’ आले की गाडी अडते. मानोरा तालुक्यातील तांड्यावरच्या मुलाची अडचण याहून मोठी, कारण घरी गोरमाटी बोलणाऱ्या त्या मुलास मराठी हीच शाळेत भेटलेली भाषा होय. तेव्हा शब्दांचा साठा वाढविणे हाच वेगाचा खरा उपाय. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. त्यातील एखादी गोष्ट रोज मुकाट्याने, ओठांवर बोट ठेवून वाचली, तर पुटपुटण्याची खोड मोडते आणि शब्दही ओळखीचे होतात. केवळ सरावपत्रिकांचे गठ्ठे सोडविल्याने हे साधत नाही.

दुसरी गोष्ट लहान शब्दांची. समजा, उताऱ्यात लिहिले आहे, ‘काटेपूर्णा पूर्णेस मिळते, पैनगंगा मात्र वर्धेस मिळते.’ खाली प्रश्न, ‘पूर्णेस न मिळणारी नदी कोणती?’ घाईचा मुलगा ‘पूर्णेस’ पाहून काटेपूर्णेचे वर्तुळ रंगवितो. त्याने ‘मात्र’ ओलांडला आणि ‘न’ तर पाहिलाच नाही. उत्तरपत्रिकेवर एकदा रंगविलेले वर्तुळ बदलता येत नाही. ‘परंतु’, ‘म्हणून’, ‘खेरीज’ या शब्दांखाली सरावाच्या वेळी पेन्सिलीने रेघ ओढावयास लावावी. महिनाभरात डोळा तेथे आपोआप थबकू लागतो.

घड्याळ प्रारंभीच समोर ठेवू नये. रात्री जेवणापूर्वी मुलाने एक उतारा वाचावा, पुस्तक उपडे ठेवावे आणि त्यातले सारे आईस आपल्या घरच्या बोलीत सांगावे, मग ती वऱ्हाडी असो वा गोरमाटी. आई निरक्षर असली तरी अडचण नाही. तिला गोष्ट कळली नाही, तर मुलासही कळलेली नाही, असे समजून त्याने ती पुन्हा वाचावी. सांगणे सुरळीत होऊ लागले म्हणजे मग उताऱ्यास व प्रश्नांस मिळून दहा मिनिटे लावावीत, पुढे नऊ, आणि परीक्षेच्या आधीच्या महिन्यात सात.