लॅब्रेडॉर घरी ठेवायचा, तर…



शहरातला मुलगा किंवा दीर हौसेनं लॅब्रेडॉरचं पिल्लू आणतो. ते मोठं झालं की फ्लॅट पुरत नाही. मग सुट्टीला येताना ते गावी सोडतात. "मोकळं रान आहे, राखण करेल," म्हणतात. पुढे त्याचं खाणं, केस झाडणं आणि दवाखाना घरच्या बाईच्या वाट्याला येतं. म्हणून आम्ही पशुसखी आज या कुत्र्याविषयी बोलतो आहोत.

आधी राखणीचं बघू. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर याचे पूर्वज कोळ्यांबरोबर असत. थंडगार पाण्यात उतरून ते जाळी ओढत, निसटलेले मासे आणून देत. पुढे इंग्लंडात शिकारी लोकांनी त्याला पाडलेले पक्षी तोंडात अलगद धरून आणायला शिकवलं. माणसाचं ऐकणं हाच त्याचा गुण. चोर आला तर भुंकेल, पण बरेचदा शेपूट हलवत त्याच्याजवळही जाईल. राखणीसाठी हे कुत्रं नव्हे.

घरात मात्र ते पटकन रमतं. पोरांशी खेळतं, शिकवलेलं लवकर शिकतं. पण वाढलेला नर तीस-पस्तीस किलोंचा असतो. खेळता खेळता लेकरू किंवा म्हातारी सासू पडू शकते. लहान मूल त्याच्याजवळ एकटं सोडू नका, आणि पिल्लूपणीच 'बस', 'थांब' शिकवा. दिवसभर साखळीला बांधलं तर ते चिडकं होतं, दिसेल ते चावत बसतं. सकाळ-संध्याकाळ त्याला फिरवायला हवं.

उन्हाळा हा त्याचा मोठा वैरी. अंगावर केसांचे दोन थर असतात, ते थंडीसाठी. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली बांधलं तर जीव जाऊ शकतो. झाडाखाली सावली आणि भरपूर पाणी ठेवा. फिरवणं उन्हाच्या आधी नाहीतर सूर्य मावळल्यावर. खूप धापा टाकतंय, लाळ गळतेय, झोकांड्या खातंय असं दिसलं, तर लगेच सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टरांना बोलवा. उन्हाळा आला म्हणून केस भादरू नका. रोज कंगव्यानं झाडा.

आता भूक. याचं पोट भरलं तरी तोंडाकडे बघत बसतं, आणि आपल्याला दया येते. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं, की बऱ्याच लॅब्रेडॉरमध्ये भूक वाढवणारा जनुकातला बदल जन्मतःच असतो. तेव्हा त्याच्या डोळ्यांकडे बघून वाढू नका. दोन वेळा मोजून द्या. भाकरी किंवा भात, त्यात उकडलेलं अंडं नाहीतर हाडं काढलेलं मटण-चिकन, तिखट-मीठ न घालता. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुके आणि चॉकलेट त्याला विषारी आहेत. शिजवलेली हाडं घशात-आतड्यात अडकतात. बरगड्यांवरून हात फिरवा. त्या हाताला लागत नसतील तर वजन वाढलंय. जाड कुत्र्याचे सांधे लवकर दुखू लागतात.

कान लोंबते असल्यानं आत ओल राहते, वास येतो. आठवड्यातून एकदा बघा, आंघोळीनंतर कोरडे करा. गोठ्यातले गोचीड त्यालाही लागतात आणि त्यातून ताप येतो. जनावरांचं गोचिडाचं औषध अंदाजानं लावू नका, डॉक्टरांना विचारा. जंताचं औषध आणि रेबीजची लस चुकवू नका. तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली लस, पुढे डॉक्टर सांगतील तशी. आणि कुत्रं कुणाचंही असो, चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. चुना, तिखट, हळद लावू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.

लॅब्रेडॉर साधारण दहा ते बारा वर्षं जगतो. तेवढ्या काळाचं खाणं, लस, औषध कुणाच्या पैशातून होणार? आपण माहेरी गेलो, आजारी पडलो, तर त्याच्याकडे कोण बघणार? पिल्लू आणायचा विचार घरात निघाला की हे आधी विचारा. सगळ्यांनी मिळून कामं वाटून घेतली तर खुशाल आणा. नाही जमत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. मुक्या जिवाला घरात आणून उपेक्षेत ठेवण्यापेक्षा ते बरं.