यंत्राला भाव कळतो का?



सोयाबीनचा उद्याचा भाव म्हणे आता कृत्रिम बुद्धिमत्ता सांगणार. यंत्र शिकते, हे खोटे नाही. लातूर-नांदेडच्या मोंढ्यांतली जुनी आवक, जुने भाव चाळून ते त्यांतली चाल पकडते. पण ते भाव कसले? ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन तेजीत असताना सरकारने १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली. डिसेंबरात सेबीने सोयाबीनचे वायदे थांबवले. पाडलेला भावही यंत्र बाजारभाव म्हणूनच शिकते. दिल्लीचा पुढचा हुकूम त्याला कुठून दिसणार? अंदाज चुकला तर त्याचे काय जाते? मातीमोल जातो तो आमचा माल. उद्या खरेदीदार असे यंत्र घेऊन बसला, तर त्याचा अंदाज आम्हाला दाखवेल का? वायद्याचा भाव निदान सगळ्यांना दिसत होता.