भंगार आणि शिल्प

चिखलीत शिल्पकलेविषयी बोलायचे तर आरंभ भंगारापासूनच करावा लागेल. या औद्योगिक पट्ट्यातून निघालेले पत्र्याचे तुकडे, लोखंडाचा कीस, फुटकी पिंपे कुदळवाडीच्या गोदामांत वर्षानुवर्षे येत राहिली. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने तेथील हजारो बांधकामे अनधिकृत म्हणून पाडली. गोदामांबरोबर आणखीही काही पांगले: वस्तू हाती येताच तिचा धातू ओळखून तिला योग्य ढिगात टाकणारी नजर.

शिल्पकारालाही तीच नजर लागते. 1942 साली पिकासोने सायकलचे बैठक-आसन आणि हँडल जोडून बैलाचे मस्तक घडविले. त्यात बैल दिसतो आणि सायकलही दिसत राहते; दोहोंपैकी एक लोपले तर शिल्पातील प्राणच जाईल. 1967 मध्ये जर्मानो चेलांत या इटालियन समीक्षकाने साध्यासुध्या वस्तूंतून घडणाऱ्या कलेला ‘दरिद्री कला’ असे नाव दिले. पाणवठ्यावरचे खडे आणून त्यांनाच गौर म्हणून पूजणाऱ्या आपल्या घरांना या नावाची मौजच वाटेल!

परंतु खरे उदाहरण चंडीगडचे. फाळणीत घरदार सोडून आलेले नेकचंद सैनी हे बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक होते. नव्या नगरासाठी जी खेडी पाडली गेली त्यांचे अवशेष, फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरश्या त्यांनी गोळा केल्या आणि 1957 च्या सुमारास सरकारी जंगलात, कोणालाही न सांगता, त्यांच्या मूर्ती घडविण्यास प्रारंभ केला. कायद्याने ते अतिक्रमणच होते. प्रशासनाला सुगावा लागला तेव्हा शेकडो मूर्ती उभ्या होत्या. त्या पाडल्या गेल्या नाहीत. 1976 मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले, नेकचंदांना त्याच कामासाठी वेतन व मजूर मिळाले आणि 1984 मध्ये पद्मश्रीही. तेथील स्त्रीमूर्तींची वस्त्रे बांगड्यांच्या काचांची आहेत. कोणाच्या तरी हातातील काकणे ती, आणि ते लपविलेले नाही.

दिल्लीत 2019 साली सुमारे 150 टन भंगारातून जगातील सात आश्चर्यांच्या प्रतिकृती उभारल्या गेल्या. गर्दी होते, कौतुकही होते. मात्र आयफेल टॉवर पाहणाऱ्याला तो कशाचा केला आहे हे फलक वाचून कळते. तेथे भंगार म्हणजे केवळ स्वस्त लोखंड.

उद्या चिखलीच्या एखाद्या चौकात असे शिल्प उभारायचे ठरले, तर निविदेत टनांचा आकडा लिहिण्यापूर्वी त्या गोदामांत हात काळे केलेल्या दोघाचौघांना बोलवावे. कोणता तुकडा न कापता तसाच ठेवावा, ते ही माणसे दाखवतील.