शब्दाची जात वाक्यात पाहावी



एकदा एका मुलाने ‘दे वॉटर द प्लँट्स’ या वाक्यातील ‘वॉटर’ हे क्रियापद आहे, असे लिहिले. मी त्यावर लाल रेघ मारली. कारण ‘वॉटर म्हणजे पाणी, म्हणून नाम’ असे मीच पाठ करून घेतले होते. परंतु येथे त्या शब्दाचा अर्थ ‘पाणी घालतात’ असा आहे. चूक माझी होती.

मराठीत बहुधा प्रत्ययांवरून शब्द ओळखू येतो. इंग्रजीत प्रत्यय थोडे. म्हणून शब्दाचे स्थान व कार्य पाहावे लागते. ‘अ फास्ट हॉर्स’ येथे ‘फास्ट’ घोड्याचा गुण सांगतो, म्हणून विशेषण. ‘ही रन्स फास्ट’ येथे तोच शब्द धावण्याची रीत सांगतो, म्हणून क्रियाविशेषण. आपला ‘वर’ नामानंतर येतो, तर ‘ऑन द टेबल’ मधील ‘ऑन’ नामाच्या आधी.

यास्तव आठ जातींच्या याद्या पाठ करून घेण्यापूर्वी फळ्यावर वाक्य लिहावे व विचारावे : हा शब्द येथे कोणते काम करतो? कारण ऐकूनच उत्तर तपासावे.

त्या मुलाची वही मागवून मी वर्गासमोर माझी रेघ खोडली. तेव्हापासून मुले निर्भयपणे कारणे सांगू लागली.