बेचाळीसचं चिमूर आणि कृतीचा अर्थ



मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाच्या लिखाणात एक लाकूडतोड्या येतो. माणूस लाकूड तोडतोय, एवढं डोळ्यांना दिसतं. पण मजुरीसाठी, घरच्या सरपणासाठी की डोक्यातला राग काढायला, हे उमगल्याशिवाय त्याची कृती आपल्याला कळलेली नसते. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या आपल्याला हे पुस्तकातून शिकायला नको. मोळी आणणाऱ्या बाईला तिच्यात रात्रीची चूल दिसते, वनरक्षकाला गुन्हा दिसू शकतो.

वेबर पुढे सांगतो, की पाऊस आला म्हणून सगळ्यांनी एकदम छत्र्या उघडल्या, तर ती सामाजिक कृती नव्हे. दुसऱ्यांच्या वागण्याकडे पाहून आपण आपलं वागणं ठरवतो, तेव्हाच ती सामाजिक होते. अशा कृतीचे त्यानं चार प्रकार केले: हिशेबानं केलेली, मूल्यासाठी केलेली, भावनेच्या भरातली आणि वहिवाटीनं चालत आलेली.

आता चिमूरचा १६ ऑगस्ट १९४२ आठवा. नागपंचमीचा दिवस. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीनं हा मुलूख भारावलेला होता. भजन म्हणजे देवाचं नाव, ही वहिवाट. पण त्या काळात लोक भजनाला बसत तेव्हा शेजाऱ्याच्या डोळ्यांत स्वराज्य वाचत. हा अर्थ एकत्र बसण्यातून घडला. हर्बर्ट ब्लूमर हा अमेरिकन अभ्यासक नेमकं हेच म्हणतो: अर्थ माणसांच्या आपसातल्या व्यवहारात तयार होतो. इंग्रज सरकारलाही भजनाचा हा नवा अर्थ कळला होता. त्याच महिन्यात महाराजांना अटक झाली.

त्या दिवशी मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा पडला. जमाव खवळला आणि सरकारी अधिकारी मारले गेले. सणाची वहिवाट, स्वराज्याचं मूल्य, संतापाचा लोंढा, सगळं एकाच गर्दीत, काही तासांत. वेबरचे कप्पे इथे एकमेकांत मिसळतात. त्या अधिकाऱ्यांचे मृत्यू आपण कथेतून गाळू नयेत, असं मला मनापासून वाटतं. कृती समजून घेणं आणि तिचं समर्थन करणं वेगळं.

मग फौज आली. बायकांवर अत्याचार झाले. या अत्याचारांच्या चौकशीसाठी सेवाग्रामचे प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केलं. सरकारनं काय करावं? उपोषणाच्या बातम्यांवर बंदी घातली! सरकारला वेबर नेमका कळला होता, असंच म्हणावं लागेल. ऐकणारा कुणी नसेल तर उपोषणाची नुसती उपासमार होते. ६ जानेवारी १९४३ ला देशातल्या अनेक वृत्तपत्रांनी निषेध म्हणून अंक काढले नाहीत. न छापलेला कागदही त्या दिवशी बोलला.

पण मला सर्वांत मोठी वाटते ती दुसरीच कृती. नागपूरहून आलेल्या महिला कार्यकर्त्यांपुढे चिमूरच्या बायकांनी आपल्यावर काय गुजरलं ते सांगितलं. घरचे, शेजारी, सोयरे काय म्हणतील, हे त्यांना ठाऊक होतं आणि तरी त्या बोलल्या. हुतात्म्यांसमोर आपण दरवर्षी फुलं वाहतो. त्या बोलण्याचा अर्थ मात्र या गावानं अजून पुरता उलगडलेला नाही. समाजशास्त्र शिकणाऱ्या इथल्या मुलामुलींनी आपला अभ्यास तिथून सुरू करावा, एवढी माझी विनंती आहे.